लिस्टरचा विंदालू

मँचेस्टरला गेल्यावर विंदालू हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो टीव्हीतून. २००४ चा ऑक्टोबर, रशोममधलं भाड्याचं घर, हीटर संध्याकाळी तासभरच लावायचा असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं, आणि घरातला बोल्टनचा मुलगा सोफ्यावर पांघरूण गुंडाळून कुठलीतरी जुनी सिरीयल बघत बसलेला. मी किचनमधून चहाचा मग घेऊन बाहेर आले तर स्क्रीनवर एक मळकट जॅकेट घातलेला, जटा वाढवलेला माणूस विंदालूबद्दल बोलत होता. अवकाशयानात. माणसं संपून तीस लाख वर्षं झालेली, हा एकटा उरलेला, आणि याला आठवण कशाची येते तर विंदालूची.

मी म्हापशाची. आमच्या भिंतीला भिंत लागून आंटीचं घर, आणि ख्रिसमसच्या आधी तीन दिवस तिच्या किचनमधून विंदालूचा, म्हणजे व्हिनेगर, लसूण आणि सुक्या मिरचीचा जो वास यायचा तो माझ्या लहानपणाचा वास आहे. आमच्याकडे डुकराचं चालत नव्हतं, पण मी आंटीकडे जाऊन खाऊन यायचे आणि आई बघून न बघितल्यासारखं करायची. त्यामुळे परक्या देशात, घर सोडून जेमतेम महिना झालेला असताना, तो शब्द कानावर आला आणि मी चहाचा मग हातात धरून तिथेच उभी राहिले आणि मग बसलेच, त्या रात्री आम्ही चार एपिसोड बघितले.

सिरीयलचं नाव रेड ड्वार्फ. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रॉब ग्रँट आणि डग नेलर या दोघांनी लिहिलेली, १५ फेब्रुवारी १९८८ ला बीबीसी टू वर सुरू झाली. रेड ड्वार्फ हे खाणकाम कंपनीचं मैलोनमैल लांब जहाज आहे, त्यावर डेव्ह लिस्टर हा सगळ्यात खालच्या दर्जाचा टेक्निशियन, आणि त्याच्या वर एकच पायरी म्हणजे आर्नल्ड रिमर. दोघं एकाच खोलीत राहतात, वरच्या-खालच्या बंकवर. काम काय, तर चिकन सूप देणाऱ्या मशीनची दुरुस्ती. लिस्टर परवानगी नसताना एक मांजर जहाजावर आणतो, पकडला जातो, शिक्षा म्हणून त्याला काळ थांबवणाऱ्या खोलीत कोंडतात, तेवढ्यात रेडिएशन गळती होऊन सगळे मरतात आणि जहाजाचा कॉम्प्युटर होली त्याला बाहेर काढतो ते तीस लाख वर्षांनी, धोका संपल्यावर. सोबतीला काय, तर मेलेल्या रिमरचा हॉलोग्राम, आणि त्या मांजराच्या वंशात उत्क्रांत होत होत माणसासारखा झालेला, आरशापुढून न हलणारा एक कॅट. पुढे क्रायटन नावाचा यंत्रमानव नोकर येतो. बस. बाकी विश्वात कोणी नाही.

म्हणजे ही अवकाशातली कथा आहे असं म्हणायचं पण खरं तर ती एका खोलीची कथा आहे, एकमेकांचं तोंड बघायची इच्छा नसलेल्या दोन रूममेटची. हॉस्टेलमध्ये राहिलेल्या कोणालाही कळेल. रिमर ऑफिसर व्हायची परीक्षा पुन्हा पुन्हा देतो आणि पुन्हा पुन्हा नापास होतो, एकदा तर पेपरात त्याने मी मासा आहे, मी मासा आहे असं चारशे वेळा लिहिलं, थोडा नाचला आणि बेशुद्ध पडला. पहिल्यांदा हे ऐकून मी पोट धरून हसले आणि मग रात्री झोपताना ते हसू कुठेतरी अडकलं, कारण माझ्या ओळखीत एमपीएससीचे सगळे अटेम्प्ट संपलेला एक मुलगा होता.

तर आमच्या घरात तिघं जण. मी, बोल्टनवाला, आणि वरच्या खोलीत एक ओहायोची मुलगी, इतिहासात पीएचडी करणारी. तिने पण रेड ड्वार्फ लहानपणी त्यांच्या पब्लिक टीव्ही चॅनेलवर बघितलेली, रात्री उशिरा, आईबाबा झोपल्यावर आवाज बारीक करून. आणि ती आमच्या दोघांएवढीच वेडी होती हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे भांडण झालं त्यात एका बाजूला खरा फॅन आणि दुसऱ्या बाजूला अडाणी अमेरिकन असा प्रकार अजिबात नव्हता.

त्या नोव्हेंबरमध्ये पाचव्या सीझनची डीव्हीडी आली. त्यात एक डॉक्युमेंटरी होती, अमेरिकेत रेड ड्वार्फ नव्याने बनवायचा प्रयत्न झाला होता त्याबद्दल. मला हे माहीतच नव्हतं. १९९२ ची गोष्ट, युनिव्हर्सलने एनबीसी चॅनेलसाठी एक पायलट, म्हणजे चॅनेलला दाखवायचा नमुन्याचा एपिसोड, शूट केला, लिहिणारा लिनवुड बूमर, लिस्टर झाला क्रेग बिएर्को, रिमर झाला क्रिस आयगमन, होली झाली जेन लीव्ज, कॅट हिंटन बॅटल, आणि मूळ मंडळींपैकी फक्त रॉबर्ट लेव्हेलिन, म्हणजे क्रायटन, तो तेवढा इथून तिकडे गेला. ग्रँट आणि नेलर दोघांनाही तिकडे बोलावलेलं. एनबीसीने ती घेतली नाही. मग दुसरा प्रयत्न झाला, या वेळी पूर्ण पायलट नाही, नवीन सीन आणि जुने तुकडे जोडून दाखवायला केलेली एक छोटी टेप, त्यात टेरी फॅरेल नावाची नटी कॅट झाली. तेही कोणी घेतलं नाही. काही महिन्यांत टेरी फॅरेल स्टार ट्रेकच्या डीप स्पेस नाइनमध्ये गेली, जेन लीव्ज फ्रेझरमध्ये गेली, आणि अमेरिकन रेड ड्वार्फ दोन टेपमध्ये राहिला.

बोल्टनवाल्याच्या मोठ्या भावाकडे पूर्ण पायलटची कॉपी होती, फॅन लोकांत हातोहात फिरलेली, रंग वाहून गेलेले, आवाज खरखरता. ती आम्ही एका रविवारी दुपारी बघितली. आणि मला अजून आठवतंय की बोल्टनवाल्याने पहिल्या पाच मिनिटांतच मान हलवायला सुरुवात केली होती पण तोंडातून शब्द काढत नव्हता, एरवी हा मुलगा अखंड बोलणारा, आणि टेप संपल्यावर म्हणाला, "तो फार छान दिसतो."

मला पहिल्यांदा कळलंच नाही की ही तक्रार आहे.

पण खरंच तीच तक्रार होती. क्रेग बिएर्को उंचपुरा, रुंद खांद्यांचा, असा की रस्त्यात दिसला तर माणसं वळून बघतील. नट म्हणून वाईट नाहीच. पण असा माणूस सूपच्या मशीनचं नोझल साफ करत असेल तर बघणाऱ्याला वाटतं की हा तात्पुरता इथे आहे, पुढच्या वळणावर कोणीतरी याला ओळखणार आणि हा कॅप्टन होणार. मूळ सिरीयलमधल्या क्रेग चार्ल्सच्या लिस्टरकडे बघून असं कधी वाटत नाही. तो लिव्हरपूलचा अनाथ, पबमध्ये पूल टेबलाखाली खोक्यात सापडलेला, त्याला कुठे वर जायचंच नाही, त्याला फिजीला जाऊन छोटं शेत घ्यायचंय. त्याचं खाली असणं ही अडचण नाही, तो त्याचा पत्ता आहे. आणि हे कपड्यांनी येत नाही, ते तोंड उघडल्यावर येतं. ब्रिटनमध्ये माणूस दोन वाक्यं बोलला की समोरच्याला कळतं बाप काय करत होता, शाळा कुठली होती. मी तिथे परकी असून सहा महिन्यांत मलाही ऐकू यायला लागलं होतं.

मूळ सिरीयलचे नट कसे मिळाले तेही त्या दिवसांत वाचलं आणि मला फार आवडलं. क्रेग चार्ल्स नट नव्हताच, लिव्हरपूलचा कवी होता. कॅटचं पात्र काळ्या लोकांना अपमानास्पद तर वाटणार नाही ना, हे विचारायला निर्मात्याने त्याला स्क्रिप्ट दाखवलं, त्याने वाचलं, त्याला आवडलं आणि त्यानेच ऑडिशन द्यायची इच्छा दाखवली. रिमर झालेला क्रिस बॅरी नकलाकार. कॅट झालेला डॅनी जॉन-जूल्स नाचणारा, वडिलांचा जुना सूट घालून ऑडिशनला आलेला. होली झालेला नॉर्मन लव्हेट स्टँडअप करणारा. कोणीच हिरो वाटेल असा नाही. आणि १९८८ साली बीबीसीवर चार मुख्य माणसांत दोन काळी माणसं, त्यावर कोणी एक वाक्य न बोलता. अमेरिकन पायलटमध्ये लिस्टर गोरा झाला, आणि दुसऱ्या टेपमध्ये कॅट पण गोरी झाली. ही गोष्ट ओहायोवालीने स्वतः काढली, आणि त्यावर तिने काहीही बचाव केला नाही.

बाकी मुद्द्यांवर मात्र ती हटायला तयार नव्हती. तिचं म्हणणं असं की तुम्ही पायलटची तुलना पाच सीझनशी करताय, हे बरोबर नाही. ब्रिटिश रेड ड्वार्फचा पहिला सीझन आठवा, राखाडी भिंती, राखाडी कपडे, राखाडी डबे, त्यालाही पाय रोवायला वेळ लागला, पण त्याला तो वेळ मिळाला. इथे वर्षाला सहा एपिसोड करायचे, दोन माणसांनी बसून लिहायचे, नाही जमलं तर पुढच्या वर्षी परत. तिथे एका अर्ध्या तासावर सगळं ठरतं, आणि घेतलं तर वर्षाला वीस-बावीस एपिसोड, त्यासाठी लेखकांची एक खोलीच भरून लागते, आणि वीस-बावीस एपिसोड लोकांना टीव्हीसमोर बसवायचं तर असा लिस्टर लागतो जो बघायला बरा वाटेल. "त्यांनी भीतीपोटी केलं," ती म्हणाली, "मूर्खपणाने नाही." आणि हिंटन बॅटल हा ब्रॉडवेचा तीन टोनी पुरस्कार मिळवलेला डान्सर होता हे तिने दोनदा सांगितलं.

बोल्टनवाला म्हणाला, कारण काहीही असू दे, अमेरिकनांना हरलेला माणूस दाखवता येत नाही.

इथे मी त्याच्या बाजूने होते. आता नाही, पण ते पुढे.

मी अवकाशाचा मुद्दा मांडला आणि तो मला आजही बरोबर वाटतो. अमेरिकनांसाठी अवकाश ही त्यांनी जिंकलेली जागा आहे. त्यांची माणसं चंद्रावर चालून आली. स्टार ट्रेकमध्ये एंटरप्राइझवर पगारासाठी कोणी काम करतंय असं कधी जाणवत नाही, सगळे ध्येयाने भारलेले. ब्रिटनचं तसं नाही. त्यांनी स्वतःच्या रॉकेटने स्वतःचा उपग्रह सोडला तो एकदाच, २८ ऑक्टोबर १९७१ ला, ब्लॅक ॲरो रॉकेट आणि प्रॉस्पेरो उपग्रह, तेही ऑस्ट्रेलियातल्या वूमेराहून, आणि तो सुटायच्या आधीच सरकारने सगळा प्रोग्रॅम बंद करायचं ठरवलेलं होतं. आणि पहिली ब्रिटिश अंतराळवीर हेलन शार्मन, ती शेफील्डची, मार्स चॉकलेटच्या कंपनीत केमिस्ट होती, कामावरून घरी जाताना गाडीच्या रेडिओवर तिने जाहिरात ऐकली की अंतराळवीर पाहिजे, अनुभवाची गरज नाही. मे १९९१ मध्ये ती सोव्हिएत सोयूझमधून गेली. चॉकलेट कंपनीतून थेट अवकाशात. चिकन सूपच्या मशीनवाला लिस्टर मला या देशातच जन्मू शकतो असं वाटलं, जिथे अवकाश म्हणजे लांबची नाइट शिफ्ट आहे आणि रॉकेट दुसऱ्याचं आहे.

म्हणून त्या पायलटमध्ये मांजर, रेडिएशन, हॉलोग्राम, बंक असं सगळं असूनही ते घर ओळखीचं वाटत नव्हतं. विनोदांचे शब्द तिकडे पोचले, त्यातले काही तर जसेच्या तसे, पण ते बोलणारा माणूस कुठल्या पायरीवर उभा आहे हे पोचलं नाही.

मला त्या दोघांना फुलराणीबद्दल सांगावंसं वाटलं आणि मी सांगितलं. बर्नार्ड शॉच्या पिग्मॅलियनचं पुलंनी मराठी केलं, १९७५ मध्ये, भक्ती बर्वेंची मंजुळा. मूळ नाटक पूर्णपणे लंडनच्या बोलींवर उभं, कोण कसं बोलतो यावर कोण कुठे बसणार हे ठरतं, म्हणजे भाषांतर करायला सगळ्यात अशक्य नाटक. पुलंनी लंडनची बोली सोडून दिली आणि मंजुळेला तिची स्वतःची मराठी दिली, आणि मराठी माणसाला थिएटरात बसल्या बसल्या कळलं की ही बाई कुठून आली आणि तिला कुठे जाऊ देणार नाहीत. आणि त्याच नाटकाचं अमेरिकनांनी १९५६ मध्ये माय फेअर लेडी केलं, तेही थोर, पण शेवटी ती मुलगी परत त्या प्रोफेसरकडे येते, जे शॉला आयुष्यभर नको होतं. ओहायोवाली ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे रूपांतर वाईट नसतं, हे तूच सांगतेयस." हो, मी तेच सांगत होते, मला ते सांगताना कळलं.

आणि मग तिने ते ऐकवलं.

रविवार होता म्हणून संध्याकाळी आम्ही विल्म्सलो रोडवर जेवायला गेलो, आमच्या घरापासून पाच मिनिटं, सगळे त्याला करी माईल म्हणतात, दोन्ही बाजूंना ओळीने करी हाऊस आणि मिठाईची दुकानं आणि निऑन लाइट. बोल्टनवाल्याने नेहमीप्रमाणे चिकन विंदालू मागवला. आला तो लालभडक, नुसता जाळ, आणि त्यात बटाटे. मी एक घास खाल्ला आणि महिनाभर साठलेलं सगळं बोलले. की हा विंदालू नाहीच. विंदालूत आंबटपणा मुख्य, तिखट नंतर. माडाच्या सुरेचं व्हिनेगर लागतं. डुकराचं मांस लागतं, चरबीसकट, तीन दिवस मुरलेलं. आणि त्यातला आलू म्हणजे बटाटा नव्हे, तो मूळ पोर्तुगीज शब्द आहे, विन्या द'आल्योस, वाइन आणि लसूण, इथे कोणीतरी हिंदी आलू ऐकला आणि बटाटे टाकले. माझा आवाज चढला होता, बाजूच्या टेबलवरचे बघायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिखटाने नव्हतं, आंटीची आणि घराची आठवण आली होती.

ओहायोवाली शांतपणे म्हणाली, "मग लिस्टर जो विंदालू खातो तो तुमच्या विंदालूचा अमेरिकन पायलट आहे."

मी गप्पच झाले.

कारण पोर्तुगीजांची ती वाइन गोव्यात नव्हती म्हणून माडाचं व्हिनेगर आलं, तेव्हा लिस्बनहून आलेल्या एखाद्या खलाशाने पण ताट बाजूला सारलं असेलच. मिरची तर पोर्तुगीजांबरोबर अमेरिका खंडातून आली, त्याआधी आमच्याकडे मिरी होती. बटाटासुद्धा तिकडचाच. म्हणजे मी ज्याला मूळ म्हणून छातीशी धरून बसले होते तेच किती समुद्र ओलांडून, किती वस्तू गळून आणि किती नव्याने पडून झालेलं होतं. आणि त्याच वेळी बोल्टनवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, तो चेष्टा करत नव्हता, त्याला खरंच लागलं होतं, कारण हा चिकन विंदालू त्याच्यासाठी नकली नव्हता. त्याचे वडील दर शुक्रवारी कामावरून येताना हाच आणायचे, वडील गेले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. रेड ड्वार्फमध्ये एक एपिसोड आहे, १९९१ चा, त्यात मशीनमध्ये गडबड होऊन मटण विंदालूचाच राक्षस तयार होतो आणि लिस्टर त्याला मारतो तो बिअरच्या कॅनने, कारण विंदालूला मारू शकते ती फक्त लागर बिअर. हा विनोद त्याच्या घरात वडील दर शुक्रवारी करायचे. १९९८ च्या फुटबॉल वर्ल्ड कपला तर इंग्लंडच्या लोकांनी विंदालू नावाचं गाणंच गायलं. आता हा पदार्थ त्यांचा नाही असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

त्या रात्री मी खूप वेळ जागी होते. ब्रिटिश विंदालूत आंबटपणा गेला, डुक्कर गेलं, तरी तो जगला. अमेरिकन रेड ड्वार्फमध्ये त्या मानाने कितीतरी जास्त गोष्टी मूळच्या राहिल्या होत्या, तरी तो मेला. मग नेमकं काय? मला आज असं वाटतं की विंदालू बदलला तो बनवणाऱ्याने आणि खाणाऱ्याने, रोज रात्री, समोरासमोर. बांगलादेशातल्या सिल्हेटहून आलेल्या स्वयंपाक्यांनी बघितलं की पबमधून सुटलेल्या माणसाला काय पाहिजे, आणि तो माणूस परत आला. रेड ड्वार्फचा लिस्टर बदलला तो त्याला न ओळखणाऱ्या पण तो आवडेल की नाही याची काळजी करणाऱ्या लोकांनी, एका खोलीत, एकदाच. ज्यांच्यासाठी तो बदलला ते प्रेक्षक तर समोर आलेच नाहीत.

आणि बोल्टनवाल्याचं ते वाक्य, अमेरिकनांना हरलेला माणूस दाखवता येत नाही, ते सपशेल खोटं आहे हे मला खूप नंतर कळलं. तो पायलट लिहिणारा लिनवुड बूमर, त्यानेच २००० साली माल्कम इन द मिडल आणली. पैसे न पुरणारं, वॉशिंग मशीनवर भांडणारं, बाहेर सगळीकडे हरून येणारं घर, आणि काय जिवंत, काय मायेने लिहिलंय. म्हणजे त्या माणसाला हे येत होतं. पण ती त्याच्या ओळखीची पायरी होती, ओळखीची भांडणं, त्याला ती लिव्हरपूलहून आणावी लागली नाहीत. हे कळल्यावर मला त्या पायलटचा राग येणं बंद झालं.

आता डॉक्टर हूबद्दल सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही, कारण त्या घरातलं आमचं शेवटचं मोठं भांडण त्याच्यावरच झालं. यातला डॉक्टर म्हणजे परग्रहावरचा एक कालप्रवासी, त्याचा नट दर काही वर्षांनी बदलतो. १९६३ मध्ये सुरू झालेली आणि १९८९ मध्ये बंद पडलेली ही बीबीसीची सिरीयल १९९६ मध्ये अमेरिकेच्या फॉक्सबरोबर टीव्ही फिल्म म्हणून परत आली होती. शूटिंग व्हँकूव्हरला, कथा सॅन फ्रान्सिस्कोची, ३१ डिसेंबर १९९९ ची रात्र, मोटरसायकलचा पाठलाग, डॉक्टरने हार्ट सर्जन असलेल्या बाईचं चुंबन घेतलं आणि वर आपण आईकडून अर्धे माणूस आहोत असंही सांगितलं. फॅन लोक त्या एका वाक्यावरून वर्षानुवर्षं भांडले. ब्रिटनमध्ये नव्वद लाखांवर लोकांनी बघितली, अमेरिकेत आकडा पुरला नाही आणि पुढे सिरीयल झाली नाही. पण ती आणायला जिवाचं रान केलं फिलिप सेगलने, तो इंग्लंडमध्येच जन्मलेला, लहानपणापासूनचा फॅन. आणि डॉक्टर झालेला पॉल मॅकगॅन लिव्हरपूलचा, लिस्टरच्या गावचा, फक्त फिल्ममध्ये ते त्याच्या बोलण्यातून ऐकू येत नाही, तिथे तो अगदी स्वच्छ, कुठल्याच गावचं नसलेलं इंग्रजी बोलतो. मला तो फार आवडतो, खरं सांगते. सगळं बिनसलेल्या घरात एकटाच पाहुण्यांशी नीट बोलणारा मुलगा असतो ना, तसा तो त्या फिल्ममध्ये आहे. सतरा वर्षांनी, नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याला सात मिनिटांचा एक छोटा एपिसोड मिळाला आणि मी पुण्यात ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बघून रडले.

२६ मार्च २००५, शनिवार. डॉक्टर हू सोळा वर्षांनी सिरीयल म्हणून परत येणार होती, बीबीसी वेल्सने बनवलेली, आणि नवीन डॉक्टर क्रिस्टोफर एकल्स्टन, सॅलफर्डचा. सॅलफर्ड म्हणजे आमच्याकडून बसने पलीकडे, नदी ओलांडली की झालं. आम्ही तिघं सोफ्यावर, हीटर पूर्ण चालू, त्या दिवशी नियम मोडला. एका ठिकाणी रोज नावाची मुलगी त्याला विचारते की तू परग्रहावरचा असशील तर तुझी बोली उत्तरेची कशी, आणि तो म्हणतो, उत्तर दिशा बऱ्याच ग्रहांना असते. बोल्टनवाला उठून उभाच राहिला. त्याचा तो लांब स्वर, ज्याची लंडनला इंटरव्ह्यूत त्याला लाज वाटली होती, तो आता कालप्रवासी देवमाणसाच्या तोंडात होता आणि अख्खा देश ऐकत होता. त्याच्या मावशीने म्हणे ऑक्सफर्ड रोडच्या बीबीसी स्टुडिओत बसून रेड ड्वार्फचं शूटिंग बघितलं होतं, आमच्या कॉलेजच्याच रस्त्यावर, तर त्याने तिला फोन लावला आणि दोघं काहीच न बोलता नुसते हसत राहिले. ओहायोवाली माझ्या कानात म्हणाली, आता कळलं मला, तुम्ही दोघं कशासाठी भांडत होता.

तरी भांडण झालंच. तिचं म्हणणं, ९६ ची फिल्म नसती तर हे झालं नसतं, मधल्या काळात कोणीतरी दिवा लावून ठेवला. त्याचं म्हणणं, त्या फिल्मने शिकवलं ते एवढंच की काय करू नये. रात्री दोनपर्यंत.

२०२२ मध्ये डिस्ने डॉक्टर हूमध्ये पैसे घालणार अशी बातमी आली तेव्हा आमच्या तिघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच सगळं पुन्हा सुरू झालं, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तो करार पुढे जाणार नाही असं कळलं तेव्हाही. आता ती क्लीव्हलँडला शिकवते, तो परत बोल्टनला, मी पुण्यात. या वेळी त्याला वाईट वाटलं होतं आणि तिला बरं. एकमेकांच्या बाजू कधी बदलल्या ते कोणालाच आठवत नाही.

२०११ च्या डिसेंबरमध्ये बोल्टनवाला गोव्याला आला होता. मी त्याला म्हापशाला घेऊन गेले, शुक्रवारचा बाजार दाखवला आणि मग आंटीकडे. आंटी तेव्हा सत्तरीच्या पुढे, गुडघे गेलेले, पण विंदालू तिने तीन दिवस आधीच घालून ठेवला होता. तो जेवायला बसला, मी त्याच्या समोर बसले, माझा श्वास अडकलेला. त्याने पहिला घास खाल्ला, बराच वेळ चावला, मग हळूच म्हणाला की हे आंबट आहे. मग दुसरा घास. मग ताट पुसून खाल्लं आणि परत मागितलं.

आंटीने मला विचारलं की याच्या गावात कसो करतात. मी जरा घाबरतच सांगितलं, चिकन घालतात, व्हिनेगर फार नाही, मिरची भरपूर, आणि आंटी, बटाटे घालतात. तिला राग येईल असं मला वाटत होतं, मी आला होता तसा.

तिने पाव मोडून त्याच्या ताटात ठेवला, रश्शाकडे एकदा बघितलं.

"बटाटो?" ती म्हणाली. "घालून पळयतां."